मुख्यतः कोरडे

पान दोन, तळाशी, पंचांगाला चिकटून
आठ सेंटिमीटरची चौकट माझ्याकडे असते.
नाताळ ते एक जानेवारी, नाशिक व परिसर:
आकाश निरभ्र, दुपारनंतर अंशतः ढगाळ,
हवा मुख्यतः कोरडी,
किमान चौदा ते सोळा, कमाल तीस.
संपलं.
उरलेली साडेपाच सेंटिमीटर कशानं भरू?

संपादक म्हणाले, सुट्ट्यांचा आठवडा आहे,
मुंबईची माणसं येतायत, हॉटेलं भरलीत,
थोडी थंडी पाडा की.
मी 'गुलाबी' लिहिलं.

सकाळी सातला निफाडहून फोन.
गुलाबी म्हणजे अंशात किती?

अप्पा चौतीस वर्षं निरीक्षक होते.
म्हणजे पहाटे साडेपाचला मफलर, टॉर्च,
पांढऱ्या झडपांच्या पेटीचं दार उघडायचं,
श्वास धरायचा, कारण श्वासानंही पारा फसतो,
डोळा पाऱ्याच्या पातळीला आणायचा
आणि जे असेल तेच लिहायचं. पाच पूर्णांक दोन.
स्वतःच्या लग्नादिवशीसुद्धा आधी नोंद,
मग मुंडावळ्या.
आता पेरूच्या उत्तरेकडच्या फांदीला
स्वतःचा थर्मामीटर टांगलाय,
आणि रोज मला कळवतात, न विचारता.

वृंदाताईची मुलं चेन्नईहून आलीत
थंडी बघायला.
'बघायला' हा त्यांचाच शब्द.
बर्फ नको, मिहिका म्हणाली,
फक्त तोंडातून वाफ निघाली पाहिजे.
नव्या स्वेटरांची लेबलं अजून मानेला टोचतायत.
शरणपूरला नेलं चांदण्या दाखवायला,
गच्चीगच्चीवर कागदी तारे, आत दिवा,
आणि खाली अर्ध्या बाह्यांची गर्दी उसाचा रस पीत.
स्वेटरांच्या दुकानातल्या तिबेटी बाईनं
टेबलफॅन लावला होता. आमच्याकडे वळवला, पाहुणचार म्हणून.
धाकटा अन्वय रस्त्याच्या कडेला उभा राहून
हा, हा, हा करत राहिला हवेत.
काही दिसलं नाही.

पहाटे गंगेवर न्या, कुणीतरी सुचवलं.
नेलं.
एक आजोबा पाण्यातून निघून पायरीवर उघडेच बसलेले,
आमचाच पेपर वाचत,
'गुलाबी'वर चहाचा थेंब.

मग मुलं अप्पांकडे गेली.
शेजारचे बनकर खूश होते म्हणे,
यंदा पहाटे उठून बागेत शेकोट्या नाहीत,
मणी तडकायची धास्ती नाही,
झोप पुरी होते.
मलाही बरं वाटलं ऐकून. मी हे छापलं नाही,
चौकटीत माणसांच्या झोपेला जागा नसते.

एकतीसला सातच्या ठोक्याला फोन.
आज बारा असेल, अप्पा म्हणाले,
आणि मागून आरडाओरडा: वाफ! मावशी, वाफ!

मी पेन उचललं. मग ठेवलं.
असेल?
त्यांच्या वह्या माझ्याच माळ्यावर आहेत.
त्यांत पूर्णांक आहेत, दव आहे, धुकं आहे,
एके ठिकाणी
'वीज गेली, काडी पेटवून वाचले' असं आहे,
'असेल' कुठेच नाही.

अप्पा, वाफ कसली?
जरा वेळ नुसता अंगणाचा आवाज.
मग बंब पेटवलाय, म्हणाले.
कढत पाण्याची बादली मधे ठेवलीय,
दोघं वाकून तोंडं उघडतायत तिच्यावर.
आणि पारा?
पंधरा पूर्णांक एक, अगदी हळू आवाजात,
जसं कुणाचं तरी आजारपण सांगावं.
बाराचं छापू नकोस हं.

नाही छापलं.
किमान पंधरा, लिहिलं, आकाश निरभ्र,
'गुलाबी' खोडला.
हवा मुख्यतः कोरडी.
इतकी वर्षं हा 'मुख्यतः' मी
हात सवयीनं लिहितो म्हणून लिहीत आले.
आज त्यात
एक बादली मावली.